गोळी मिळेपर्यंत

बसायच्या आधीच सांगून टाकायचं, असं धाकटीने ठरवलं होतं. पण ताईने पाय आखडून पलंगावर जागा केली आणि ती बसली. भाऊजी औषधाच्या दुकानात गेले होते. ते यायच्या आत बोलायला हवं होतं.

ताईच्या नाकाला नळी होती, पलंगाशी प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जाण्याचा तिचा आजार. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हात टेकले होते. आशा लावली ती धाकटीने. ती साथरोगतज्ज्ञ होती, रोग्याची नाडी न बघता हजारो रोग्यांच्या नोंदी बघणारी. या आजाराच्या अकरा हजार जणांच्या नोंदी चाळून तिनेच शोधनिबंध लिहिला होता: अमुक एक गोळी घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगतात. ताईने ती गोळी सुरू केली. तोंडाची चव गेली, पोटात अन्न ठरेना, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. तिने तक्रार केली नाही. कोणी विचारलंच, तर म्हणायची, माझ्या बहिणीचं गणित आहे, चुकायचं नाही.

"ताई, माझं गणित चुकलंय," धाकटी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. आजार कळला की लगेच कोणाला ती गोळी मिळत नाही. तपासण्या होतात, मंजुरी येते, चार-पाच महिने सहज जातात. त्या महिन्यांत जे दगावले, त्यांच्या नोंदीत गोळी नव्हती, म्हणून तिने त्यांना न घेणाऱ्यांत मोजलं होतं. घेणाऱ्यांत उरले ते मुळात तेवढे महिने तग धरलेले. गोळीमुळे माणसं जगली नव्हती. जगली म्हणून त्यांना गोळी मिळाली होती. एका व्याख्यानासाठी जुने तक्ते काढले, तेव्हा हे तिच्या ध्यानात आलं. त्यानंतर तीन आठवडे ती नीट झोपली नव्हती.

"आणि नीट मोजल्यावर?" ताईने विचारलं.

"काही फरक नाही. एका दिवसाचाही नाही."

शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र आदल्या दिवशीच गेलं होतं. ताईने चार शब्द सुनवावेत, निदान तोंड फिरवावं, अशी धाकटीची अपेक्षा होती. ताईला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर तिने उशीच्या अभ्र्यातून रुमालाची पुरचुंडी काढून धाकटीच्या मांडीवर ठेवली. आत पन्नासेक गोळ्या होत्या. काही तोंडात अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"दीड महिना झाला," ती म्हणाली. "सोसेना गं. तुला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून गप्प बसले."

धाकटीने पुरचुंडी पुन्हा बांधली. गाठ नीट बसली नाही, तिने ती दोनदा बांधली.

"दुसरं काही आहे का?" ताईने विचारलं. यायच्या आधी धाकटीने होतं नव्हतं ते सगळं पालथं घातलं होतं. तिने मान हलवली. ताईने बरं म्हटलं आणि पुरचुंडी जागेवर ठेवली.

भाऊजी आले ते बोलतच आले. मेहुणीला बघून त्यांना कोण आनंद झाला. हिचा रंग बघ, म्हणाले. दीड महिना झाला, उलटी नाही, मागून घेऊन जेवते. आधीचे महिने नुसते वाया गेल्यासारखे वाटले, पण आता गोळी अंगी लागली. इस्पितळाच्या बाकावर भेटणाऱ्या सगळ्यांना ते धाकटीच्या निबंधाच्या प्रती वाटत होते. एक मास्तर होते, उलट्यांना कंटाळून गोळी सोडून बसलेले. त्यांना भाऊजींनी ताईचं उदाहरण दिलं आणि पुन्हा सुरू करायला लावली.

मास्तरांचं ऐकून धाकटीला राहवलं नाही. ताईने तिचं मनगट धरलं, तरी ती बोलली. निबंध चुकला आहे, गोळीचा उपयोग नाही, मास्तरांना बंद करायला सांगा. जे ताईला सांगितलं, तेच पुन्हा, आणखी सोपं करून सांगितलं. मनगट काही सुटलं नाही. पुरचुंडीबद्दल मात्र ती बोलू शकली नाही.

भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत. नव्या डबीचं झाकण उघडता उघडता म्हणाले, "तुझं आकड्यांचं काही चुकलं असेल. तू कागद बघतेस. मी हिला बघतो, रोज."

"भाऊजी, बघून कळत नाही."

"मग कशाने कळतं?" त्यांनी खरंच विचारलं.

याचं उत्तर देण्यात धाकटीची सगळी हयात गेली होती. आत्ता देता येईल असं एकच उत्तर होतं, ते उशीच्या अभ्र्यात होतं, आणि ताईची बोटं आणखी घट्ट झाली होती.

भाऊजींनी पाण्याचा पेला आणला. गोळी तळहातावर धरून ते पलंगाशी उभे राहिले. ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मनगट सोडून हात पुढे केला, गोळी जिभेवर ठेवली, पेला तोंडाला लावला. धाकटी तिच्या गळ्याकडे बघत होती. घोट खाली गेला. ताईने धाकटीकडे बघून तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं.

"बघितलंस?" भाऊजी म्हणाले.