गाठीच्या वर

त्या कोरड्या माळावर द्राक्षं जगायची ती जंगली खुंटाच्या जिवावर. मुळं जंगली, वर गोड जातीचं कलम, आणि दोघांच्या सांध्यावर एक गाठ. गाठीखालून फुटलेला जंगली कोंब वेळीच मोडला नाही, तर तो मेला तारांवर चढून अख्खा मांडव गिळतो आणि घड म्हणाल तर एक देत नाही. कोंब मोडायचं काम बाबांचं. त्यांच्या हातावर सगळ्या गावाचा डोळे झाकून भरवसा.

यंदा मांडव हिरवागार झाला, म्हणून लेक हौसेनं तारांखाली शिरली. पानं निरखली, वाकून गाठी चाचपल्या. ओळीच्या ओळी जंगली! कलमाचे कोंब कुणीतरी वेचून वेचून मोडले होते.

"बाबा, कुणाला लावलं होतं हो या कामाला?"

"माझ्या वेलींना दुसऱ्याचा हात? अगं, मीच तर फिरतो रोज."

ती जवळच्या वेलीपाशी बसली. "मग... कुठला कोंब मोडायचा, सांगा ना."

"विसरलीस? कमाल आहे तुझी!" बाबा हसले. लहानपणी धरायचे तसं तिचं बोट धरून त्यांनी गाठीवर टेकवलं. "गाठीच्या वरचं आपलं, खालचं जंगली. मोडायचं ते खालचं."

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे बाबा शाबूत होते, चोर दुसराच कुणीतरी होता.


"हे असं," म्हणत बाबांनी गाठीच्या वरचा कोंब कट्कन मोडला आणि तिच्या तळहातावर ठेवला.