आधीच्या भाडेकरूची मांजरं

घरमालकीण गुडघ्यांवर बसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि गालिच्याला नाक लावून हुंगू लागली. "इथं तर काहीच नाही," म्हणत ती तशीच रांगत दोन हात पुढे सरकली. तिच्यामागे गालिचे काढणारा कारागीर कानावर पेन्सिल खोचून आणि हातात मोजायची टेप घेऊन उभा होता.

दाराला टेकून उभी असलेली सून एक पाऊल पुढे आली. हुंगत हुंगत बाई ज्या दिशेने निघाल्या होत्या, तिकडे खिडकीजवळ सासऱ्यांची खुर्ची होती, आणि खुर्चीत सासरे होते.

वास मांजरांचा नव्हता. म्हणजे, राहायला आले तेव्हा होता, नाही असं नाही. आधीच्या भाडेकरूने दोन मांजरं पाळली होती आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेल्या त्या गालिच्यात ती आपली आठवण ठेवून गेली होती. सुनेने व्हिनेगर शिंपडलं, खायचा सोडा पसरला, दिवसदिवस खिडक्या उघड्या टाकल्या आणि हट्टाने तो वास घालवला. हिवाळ्यात तो परत आला, तेव्हा तिलाही वाटलं, मेली मांजरं पुन्हा उपटली. मग एका सकाळी झाडताना तिने सासऱ्यांच्या खुर्चीची गादी उचलली. गादी उलटी करून ठेवलेली होती आणि खालची बाजू ओली होती.

सासरे शिंपी. उभा जन्म लोकांच्या विजारी शिवण्यात गेला आणि स्वतःच्या विजारीची इस्त्री त्यांनी कधी मोडू दिली नाही. अशा माणसाला सांगायचं कसं, आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? त्याच आठवड्यात पाहुणे आले, त्यांनी नाक मुरडलं आणि सून बोलून गेली, "आधीच्या भाडेकरूची मांजरं हो." सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

तेव्हापासून तेच सांगायचं ठरून गेलं, कोणी न ठरवता. सासऱ्यांना मांजराचा जन्माचा तिटकारा. गिऱ्हाइकाच्या कोटावर केस पडतात म्हणून दुकानात शिरलेल्या मांजराला ते कापड मोजायच्या लाकडी गजाने हाकलायचे. आता ते कधी न पाहिलेल्या त्या दोन मांजरांना येता-जाता शिव्या देऊ लागले. सासरे-सून दोघंही डोळे मिटून दूध पीत होते, आणि चाललं होतं.

घात केला तो नवऱ्याने. त्याचा त्या मांजरांवर पुरता विश्वास बसला. भाडं आम्ही वेळेवर देतो, मग दुसऱ्याच्या मांजरांचा वास का सोसायचा, असा धोशा त्याने फोनवरून घरमालकिणीमागे लावला, आणि शेवटी ती कारागिराला घेऊन आली. नवऱ्याला खरं सांगायची सोय नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्यांचं अंथरूण ओलं व्हायला लागलं, तेव्हा हाच जेवताना म्हणाला होता की अशी वेळ आली की माणसाला वृद्धाश्रमात ठेवलेलं बरं, त्याचीही सुटका आणि घरच्यांचीही. म्हणाला आणि भाजी वाढून घेतली. त्या दिवसापासून सासरे संध्याकाळनंतर पाण्याला शिवत नव्हते.

"आजोबा, जरा उठता का?" कारागीर टेप ओढत म्हणाला. "खुर्ची सरकवून कोपऱ्याचं माप घेतो."

सासरे हलले नाहीत. त्यांनी मांडीवरचं वर्तमानपत्र जरा पुढे ओढून नीट केलं. त्यांचे कान लाल झाले होते. उठता आलं असतं तर ते केव्हाच उठले असते, हे सुनेला कळलं आणि तिला रडू यायला लागलं.

"त्यांचे गुडघे धरलेत आज," ती घाईने म्हणाली. "समोरच्या कोपऱ्याएवढाच आहे हा. तेच माप लिहा."

घरमालकीण खुर्चीपासून हातभरावर थांबली. तिने पुन्हा एकदा हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि गुडघे झटकत उठली. सुनेच्या मिस्टरांचं बरोबर होतं म्हणाली. इथंच ऊन खात बसत असणार ती भामटी. सोमवारी गालिचा काढू, खाली कोरी फरशी बसवू, फरशीत वास मुरायचा प्रश्नच नाही. आणि यापुढे या घरात जनावर म्हणून नको, तसं करारातच घालणार. सून मान डोलवत राहिली.

"सुटलात तुम्ही आता," दारातून बाहेर पडताना घरमालकीण म्हणाली. सुनेला हसावं लागलं. तिने आभारही मानले.

जिन्यावरची पावलं खाली गेली. सुनेने गालिच्याकडे पाहिलं. ज्याला इतके दिवस ती कंटाळली होती, तोच आता तिला घट्ट धरून ठेवावासा वाटत होता. सोमवारनंतर वास आला तर तो कोणाचा, हे नवऱ्यालाही कोणाला विचारावं लागणार नव्हतं.

सासऱ्यांना उठता यावं म्हणून ती मागे न बघता स्वयंपाकघरात गेली. नळ मोठा सोडला. पुन्हा बंद केला, तरी खुर्ची वाजली नव्हती.

"सूनबाई," सासऱ्यांनी तिथूनच हाक मारली. "आपण चोरून एखादं मांजर आणलं तर?"

"घरभर वास सुटेल, बाबा," ती सवयीने म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," सासरे म्हणाले.