मापाचा माणूस

घरामागच्या किनाऱ्यावर मी नातीला फोटो काढायला शिकवत होतो. पहिला धडा सोपा होता. नुसता समुद्र घेतला तर तो केवढा आहे ते कळत नाही. मापाला एखादा माणूस उभा करावा.

आठवड्याने व्हरांड्यात भिंतीला पाठ टेकून मी तिचे फोटो पाहत बसलो. निळं पाणी, काळे खडक, क्षितिज अगदी सरळ. शाबासकी द्यावी असे. प्रत्येक फोटोत दूरच्या खडकावर एक पाठमोरा माणूस होता.

त्या खडकावर जायला वाट नाही. आणि किनाऱ्यावर रोज आम्ही दोघंच असायचो.

"हे कोण गं?"

"मापाचे काका. तुम्हीच म्हणालात ना, माणूस हवा?"

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, किती वेळा सांगितलंय?"

"अनोळखी कुठे? रोज असतात. मागे सरका म्हटलं की सरकतात. तुमच्यासारखे हट्टी नाहीत."

शेवटच्या, आजच्या फोटोत मात्र खडक रिकामा होता.

"आज कुठे गेले?"

"आज त्यांना म्हटलं, जवळ या."

"किती जवळ?"

तिने कॅमेरा डोळ्याला लावून माझ्यावर रोखला. मी नकळत भिंतीला आणखी टेकलो.

"आजोबा, जरा बाजूला व्हा ना. ते तुमच्यामागे झाकले जातायत."