चीफचा अंगठा
चीफ लिंडक्विस्टांचा अंगठा हात रिकामा असताना थरथरायचा, ओझं उचललं की थांबायचा. आज तो तोफेचं काडतूस उचलूनही थांबला नाही. अमेरिकेतल्या नॉरफोक बंदरातून निघालेल्या युद्धनौकेच्या दारूकोठारात मारिसा त्यांच्याच हाताखाली तोफांचं काम शिकत होती. अंगठ्याचं तिनं महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर चीफची निवृत्तीआधीची शेवटची सफर बुडणार होती. सरावात काडतुसं नकली असायची, आजची खरी होती. एक जरी निसटून बुडाच्या स्फोटक टोपीवर आपटलं, तर सगळ्यांचीच राख. “काय गं, माझा फोटो काढतेस का? धर खालून!” चीफ खेकसले. धोका दिसला की नवशिक्यानंही काम थांबवायचं, तिथं हुद्दा बघायचा नाही, हे पहिल्या दिवशी त्यांनीच शिकवलं होतं. मारिसानं काडतूस छातीशी ओढून घेतलं. “थांबा!” ती सर्वांदेखत ओरडली. “चीफ, तुमचा हात थरथरतोय. तुम्ही बाहेर जा.”