रस्सीखेच

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी स्टेडियमवर क्रीडा महोत्सव भरला. बायकांच्या रस्सीखेचीत एक संघ कमी पडला, म्हणून मैदानामागच्या वस्तीतल्या बायका बोलावून आणल्या. शिट्टी वाजली आणि गॅलरीत हशा पिकला. वस्तीच्या बायकांनी समोरच्या शिक्षिकांच्या संघाकडे चक्क पाठ फिरवली, दोर खांद्यावर घेतला आणि माना खाली घालून चालू लागल्या. पलीकडच्या शिक्षिका फरफटत निघाल्या, तशी पंचांनी पुन्हा शिट्टी मारली.

"मावशी, तोंड इकडं करून ओढायचं असतं. असं बैलासारखं नाही!"

"बैलं व्हती कुठं, सर?" सगळ्यांत पुढची धुरपताबाई पाठमोरीच बोलली. "चाऱ्यावाचून मेली सगळी. म्हून तर दुष्काळात ह्या मैदानावरला दगडी रूळ आमी बायकांनीच वढला. असाच, खांद्यावर दोर घिऊन."

पंचांचं हसू मावळलं. "बरं. आता तरी वळा."

बाकीच्या बायका वळल्या. धुरपताबाई वळली नाही. दोर मात्र तिनं सोडला.

"मला न्हाई जमायचं, सर. तवा माझ्या मागं माझी जाऊ व्हती, नागुबाई. लई ऊन व्हतं. ती कवा खाली पडली, मला कळलंबी न्हाई. रूळ कशाला तरी अडला, म्हून मी वळून बगितलं."