दिसत होतं, तरी

"दिसत होतं, तरी ठेवलंत?" उल्काचा आवाज इतका चढला की कॉरिडॉरमधली नर्स वळून बघायला लागली.

डॉक्टर बुशराने टॅबवरचा व्हिडिओ थांबवला. पडद्यावर उल्काच्या नवऱ्याचा, संग्रामचा मेंदू होता. पहाटे त्याला पाजलेल्या औषधामुळे निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकायची. सहा तास खपून ती काढली होती. आता सगळं काळंनिळं दिसत होतं. एका कडेला मात्र नखाएवढं गुलाबी तसंच होतं.

"तिथे तपासायला हलका करंट लावला की त्यांचं बोलणं बंद पडायचं," बुशरा म्हणाली. ती मूळची श्रीवर्धनची, इथल्या डॉक्टरांत मराठी येणारी एकटीच. ऑपरेशनभर जागं ठेवलेल्या संग्रामला मराठीत बोलतं ठेवायचं काम तिचं होतं. "छत्रीचं चित्र दाखवलं. तोंड उघडलं, शब्द नाही. तीनदा बघितलं. मग ऑपरेशन करणाऱ्या सरांनी हात काढून घेतला."

"पडू द्यायचं बंद! त्याच्या वाटचं मी बोलले असते!"

"त्यांनीच सांगितलं होतं, वाचा राहिली पाहिजे. सही केली तेव्हा तुम्ही तिथेच होतात, ताई."

"होते ना! पण तेव्हा हे कुणी दाखवलं होतं मला?"

उल्काने टॅब हिसकावून घेतला आणि त्या गुलाबी ठिपक्यावर अंगठा घासला, जोरजोरात. बुशराने तिला अडवलं नाही.

"राहिलेल्याला रेडिएशन देणार आहोत."

"आणि परत वाढलं तर?"

"वाढतं," बुशरा म्हणाली. "कधी ते सांगता येत नाही."

"माणसं आहात का कोण आहात!" टॅब तिच्या अंगावर टाकल्यासारखा देऊन उल्का तरातरा खोलीकडे निघाली.

औषध अजून अंगात होतं, म्हणून संग्रामला उजेड वर्ज्य होता. खोलीचे जाड पडदे ओढलेले होते, तरी बाहेरचं भर दुपारचं ऊन कडेनं आत घुसू बघत होतं. उल्काने फट दाबून बंद केली. ती वळली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते.

"उल्का." आवाज खोल गेलेला, पण शब्द स्वच्छ. "सगळं निघालं ना गं?"

"तू बोलू नकोस," ती त्याच्यावर खेकसली. "एक अक्षर बोलू नकोस!"