मावशीचा श्वास

प्रेत श्वास घेत होतं.

दुरुस्तीवालीनं चित्र थांबवलं, थोडं मागे नेलं आणि पुन्हा चालवलं. जेवणाच्या टेबलावर, गळ्यापर्यंत ओढलेल्या पांढऱ्या चादरीखाली मावशी मेलेली होती. तिचे दोन भाचे हात जोडून रडत होते. मागे वीज चमकत होती, म्हणजे कुणीतरी दिव्याचं बटण चालू-बंद करत होतं. आणि मावशीच्या छातीपाशी चादर वर यायची, खाली जायची.

“हेच,” शेजारच्या खुर्चीतला म्हातारा दिग्दर्शक म्हणाला. “हे काढायचं.”

त्यानं आयुष्यात हा एकच सिनेमा काढला होता. भयपट म्हणून. पहिल्या खेळाला लोक इतके हसले, की वितरकानं दुसऱ्या दिवशी पोस्टरवर ‘भयपट’च्या आधी ‘विनोदी’ असा शब्द चिकटवला. जागा पुरेना, म्हणून तो तिरका बसला. सिनेमा आठवड्यात उतरला आणि काही वर्षांनी, कुणी न बोलावता, परत आला. आता एका छोट्या थिएटरात तो दर शनिवारी दुपारी लागत असे. लोक घरून चादरी घेऊन यायचे. मावशीनं श्वास घेतला की अख्खं थिएटर श्वास घ्यायचं. तिनं सोडला की सोडायचं. दिग्दर्शक तिथे एकदाच गेला होता. त्याला कुणी ओळखलं नाही, पण शेजारच्या बाईंनी आपली जादा चादर देऊ केली. मध्यंतरात तो उठून आला.

सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत निघणार होती. जगभर दिसेल अशी. ती निघण्याआधी त्याला दुरुस्तीची ही एक संधी होती.

“माझ्यामागे माझं नाव राहावं,” तो म्हणाला, “हा श्वास नको.”

जुन्या फिल्मवरचे ओरखडे, डाग आणि चुका काढणं हे तिचं काम, म्हणून स्टुडिओत तिला सगळे दुरुस्तीवाली म्हणत. ती पदार्थविज्ञान शिकलेली होती. तिची धाकटी बहीण मात्र शनिवारी चादर घेऊन जाणाऱ्यांपैकी. तिला सकाळी डबा भरताना या कामाचं कळलं होतं.

“ताई, तू मावशीचा खून करणार?”

“मेलेलीच आहे ती.”

“नाहीये ना. तेच तर बघायला जातो आम्ही.”

मग ती ताईशी बोलायची बंद झाली, आणि रागानं डब्यात चमचा टाकला नाही.

दुरुस्तीवालीनं श्वास तपासायला घेतले. त्यांच्यात सारखं अंतर नव्हतं. झोपलेल्या माणसाचं असतं तसं हे नव्हतं. चादर बराच वेळ गच्च स्थिर राहायची, मग एकदम वर यायची. आणि दर वेळी त्याच्या जरा आधी मावशीच्या ओठांचा कोपरा हलायचा. तिनं चेहरा पडद्याएवढा मोठा केला.

“सर, यांना श्वास आवरत नाही असं नाहीये. यांना हसू आवरत नाहीये.”

“माहितीये. माझी बायको आहे ती,” दिग्दर्शक म्हणाला. “नट परवडत नव्हते. भाचे म्हणजे माझे दोन मेहुणे. वीज सासूबाई पाडत होत्या.”

“हसतायत कशाला?”

“मला. मी कॅमेऱ्यामागे गंभीर चेहरा करून उभा राहिलो की तिला राहवायचं नाही. म्हटलं, अगं, लोक घाबरले पाहिजेत. तर म्हणाली, तुझं थोबाड दाखव, घाबरतील.”

“मग ओठांचं काय करू?”

“तेही काढा.”

तिनं चादर सगळ्यात खाली गेलेली एक फ्रेम निवडली. त्यातली मावशी कापून घेतली आणि दृश्यातल्या प्रत्येक फ्रेममध्ये बसवली. चादरीच्या सुरकुत्या जुळवल्या. सासूबाईंची वीज पुन्हा वरून पाडली. जुन्या फिल्मवर सतत थरथरणारे बारीक दाणे तेवढे हलते ठेवले, नाहीतर मावशी फोटोसारखी दिसली असती. दिग्दर्शक पाठ ताठ करून बसून होता. चहा आला, गार झाला, परत गेला.

“बघा, सर.”

भाचे हात जोडून उभे होते. वीज चमकली. चादर हलली नाही. पुन्हा चमकली. मावशीचा चेहरा उजळला, विझला, आणि तसाच राहिला. आतापर्यंत नाटकी वाटणारं मेहुण्यांचं रडणं अचानक खरं वाटायला लागलं. दुरुस्तीवालीच्या लक्षात आलं, की आपलाच श्वास अडकलाय. हे तिला फार रोचक वाटलं.

“भीती वाटते,” ती समाधानानं म्हणाली. “तुम्हाला हवी होती तशी.”

दिग्दर्शकानं बोटानं खूण करून दृश्य परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

“हे मी पाहिलंय,” तो म्हणाला.

“हो, आत्ताच लावलं की.”

“नाही. मागच्या वर्षी. दवाखान्यात.” तो पडद्याकडेच बघत होता. “चादरसुद्धा अशीच होती. मी बराच वेळ बसून होतो. म्हटलं, आता हसेल.”

दुरुस्तीवालीनं दृश्य थांबवलं. त्यानं मावशीत काहीच फरक पडला नाही.

“श्वास परत आणता येतो?” दिग्दर्शकानं विचारलं.

“येतो, सर. एक बटण दाबलं की झालं.”

“तुमच्याकडे बरं आहे,” तो म्हणाला. “दाबा.”